श्री देवमामलेदार यशवंतराव महाराज : अल्प चरित्र

बागलाणच्या भूमीत आरम नदीच्या काठी वसलेले सटाणा हे गाव ज्यांच्या नावाने महाराष्ट्रभर ओळखले जाते, ते श्री संत यशवंतराव महाराज अधिकारपदावर असतानाच लोकांनी देव मानलेले सत्पुरुष होत. त्यांचे संपूर्ण नाव यशवंतराव महादेव भोसेकर. घराणे मूळचे पंढरपूरजवळील भोसे गावचे. महाराजांचा जन्म शके १७३७, भाद्रपद शुद्ध दशमीस, म्हणजे १३ सप्टेंबर १८१५ रोजी पुणे येथे झाला.

लहान वयातच त्यांनी इंग्रज सरकारच्या महसूल खात्यात कारकून म्हणून नोकरी धरली व पुढे ते मामलेदारपदापर्यंत पोहोचले. खानदेशात एरंडोल, अमळनेर आदी ठिकाणी सेवा करून ते सटाण्यास आले. कचेरीचे काम चोख, आचरण निर्मळ आणि दाराशी आलेला याचक विन्मुख जाऊ नये हा नेम, अशी त्यांची ख्याती होती. त्यामुळे मिळालेले वेतन त्यांच्या घरी फार काळ टिकत नसे.

सन १८७०-७१ मध्ये या भागात भीषण दुष्काळ पडला. अन्नान्न झालेली माणसे मामलेदारांच्या दाराशी गोळा होऊ लागली. महाराजांनी प्रथम घरात होते नव्हते ते देऊन टाकले. ते संपले, परंतु भुकेलेल्यांची रीघ थांबेना. आता उरला होता केवळ सरकारी खजिना. त्याच्या किल्ल्या त्यांच्या हाती होत्या, पण द्रव्य त्यांचे नव्हते. वरिष्ठांच्या हुकुमाविना त्यास हात लावणे म्हणजे नोकरी, अब्रू व स्वातंत्र्य या तिन्हींवर पाणी सोडणे होते. हुकूम मागवावा तर कागद जाऊन येईपर्यंत समोरची माणसे जगतीलच अशी खात्री नव्हती.

अशा वेळी मनुष्याचे मन उद्याच्या शिक्षेकडे धावते आणि भयाने हात आखडतो. महाराजांचे मन मात्र समोर उभ्या असलेल्या भुकेल्या जीवापाशीच स्थिर राहिले. आज, या घटकेस जे कर्तव्य प्राप्त झाले आहे ते करावे व पुढचे ईश्वरावर सोपवावे, याच वृत्तीने त्यांनी खजिना उघडला. एक लाख सत्तावीस हजार रुपये त्यांनी गोरगरिबांस वाटल्याचे परंपरेने सांगितले जाते.

ही वार्ता वरिष्ठांपर्यंत गेली आणि खजिन्याची तपासणी झाली. मोजदादीत एक पैही कमी भरली नाही, भगवंताने आपल्या भक्ताची लाज राखली, अशी भाविकांची दृढ श्रद्धा आहे. तेव्हापासून लोक त्यांना देवमामलेदार म्हणू लागले.

भाविकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. खजिना पुन्हा भरेल हे ठाऊक असल्यामुळे महाराज निर्भय झाले, असे नाही. कुलूप उघडताना पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्यांस कळण्याचा मार्ग नव्हता. चमत्कार नंतरचा, निर्भयता त्याच्या आधीची. सरकारी चाकरीच्या बंधनात असूनही ते अंतरी मुक्त होते, कारण जे जाईल त्याची धास्ती त्यांनी मनात बाळगली नव्हती.

सेवानिवृत्तीनंतर महाराजांचे अखेरचे वास्तव्य नाशिक येथे झाले. शके १८०९, मार्गशीर्ष वद्य एकादशीस, म्हणजे ११ डिसेंबर १८८७ रोजी त्यांनी तेथे देह ठेवला. गोदाकाठी त्यांची समाधी आहे. सटाणा ही त्यांची कर्मभूमी. म्हणून येथील मंदिरात त्यांची नित्य पूजा होते. दरवर्षी मार्गशीर्ष वद्य एकादशीस येथे यात्रा भरते व रथाची मिरवणूक निघते.

दर्शनास येणारा प्रत्येक जण मनात कसली ना कसली चिंता घेऊन येतो. महाराजांच्या चरणी ती क्षणभर ठेवावी आणि आज आपल्या दाराशी कोण उभे आहे, याचे स्मरण करावे. येथे अर्पण होणारे दानही याच भावनेने व्हावे. ती महाराजांची खरी सेवा होय.

॥ श्री देवमामलेदार यशवंतराव महाराज की जय ॥