अंकुराची वाढ

वाटाण्याचा दाणा मातीत पेरला म्हणजे काही दिवसांनी त्याला अंकुर फुटतो, हे आपण सर्व जाणतो. परंतु तो अंकुर वर येत असताना त्याची हालचाल कोणी पाहिली आहे काय? ती गती इतकी मंद असते की, मनुष्याच्या दृष्टीस ती दिसतच नाही. १९१२ साली मुंबईत ही अदृश्य गती पडद्यावर दाखविली ती धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांनी.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईची कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला व छायालेखन आत्मसात केले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी आणि नंतर छपाईचा व्यवसाय झाला. अशातच ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट त्यांच्या पाहण्यात आला आणि त्यांना चित्रपटकलेचे वेड लागले. रात्रंदिवस प्रयोग करता करता त्यांची दृष्टीच गेली. चित्रांवर जगणाऱ्या माणसावर याहून मोठे संकट ते कोणते! सुदैवाने औषधोपचारांनी दृष्टी परत आली. तरीही त्यांनी तो नाद सोडला नाही. विमापत्र गहाण ठेवून ते १९१२ च्या प्रारंभी लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून परतले.

यंत्र आले, पण चित्रपटासाठी पैसा कोण देणार? दादासाहेबांनी वादविवाद केला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला आणि महिनाभराहून अधिक काळ नेमाने रोपाची एकेक छबी टिपली. काम दिसते सोपे. पण कॅमेऱ्यास नुसता धक्का लागला असता, तरी पडद्यावरील रोप दचकल्यासारखे उडाले असते. पत्नी सरस्वतीबाई यांनीही फीत धुण्याचे काम शिकून घेतले.

एकेक करून घेतलेल्या छबी पडद्यावरून भराभर सरकू लागल्या, तेव्हा महिन्याची वाढ अवघ्या मिनिटभरात उलगडली. दाण्यातून कोंब निघाला, पाने उमलली, पाहता पाहता वेल झाला! तो पाहून सावकाराची खात्री पटली व कर्ज मिळाले. तारण म्हणून सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

त्या पैशांतून 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. त्यानंतर दादासाहेब नाशिकास गेले. तेथेच १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.