डिझेल हे माणसाचं नाव आहे!

गेल्या सेमिस्टरच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला विचारलं, की डिझेल कोण होता. मी छातीठोकपणे सांगितलं, की ते इंधन आहे. सगळी लॅब हसली. डिझेल सायकलचा पी-व्ही डायग्रॅम मी बरोबर काढला होता, पण त्या नावाचा माणूस होऊन गेला हे खरंच माहीत नव्हतं. मग लाजेखातर लायब्ररीत शोधून वाचायला लागलो, आणि त्या रात्री मेस बंद झाली तरी कळलं नाही. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!)

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं, तेव्हा या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला तिथून एकट्यालाच जर्मनीत ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवलं. म्हणजे एका अर्थी हॉस्टेल लाइफच! पुढे म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल फॉन लिंडे त्याचे प्रोफेसर होते, रेफ्रिजरेशनवाले लिंडे ते हेच. वाफेचं इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता फुकट घालवतं, हे त्याने त्यांच्या लेक्चरमध्ये ऐकलं. आपण असं वाक्य वहीत उतरवतो आणि विसरतो. त्याच्या मात्र ते डोक्यातून गेलंच नाही. टायफॉइडमुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली आणि डिग्री जानेवारी १८८० मध्ये मिळाली. माझ्यासारख्या केटीवाल्याला हे वाचून बरं वाटलं.

त्याची कल्पना अशी, की सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि तिच्यात सोडलेलं इंधन ठिणगीशिवाय पेटेल. १८९३ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पण कागदावरची कार्नो सायकल इंजिनात जमेना. जळताना तापमान स्थिर ठेवायचा हट्ट सोडून त्याला स्थिर दाबावर यावं लागलं. आपण परीक्षेत जी आकृती काढतो, ती या तडजोडीची आहे.

१० ऑगस्ट १८९३ ला ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी झाली, त्यात दाब मोजणारं इंडिकेटरच फुटलं. पुढच्या वर्षी इंजिन स्वतःच्या जोरावर चाललं, तेही जेमतेम एक मिनिट. शेवटी १७ फेब्रुवारी १८९७ ला प्रोफेसर श्रोटर यांनी रीतसर मोजमाप केलं आणि एफिशियन्सी आली २६.२ टक्के. त्या वेळची चांगली वाफेची इंजिनंही याच्या निम्म्याच्या आसपास असायची.

आता बोटीवर हे इंजिन का हवं, ते बघा. वाफेच्या बोटीला बॉयलर लागतो, कोळशाला मोठी जागा लागते आणि दिवसरात्र कोळसा टाकणारी माणसं लागतात. डिझेलला यातलं काही नको. अडचण एकच होती, की सुरुवातीची डिझेल इंजिनं उलटी फिरत नव्हती, मग बोट मागे कशी घ्यायची? १९०३ मध्ये नोबेल बंधूंच्या रशियातल्या कंपनीने वांडाल या तेलवाहू नदीबोटीत तीन डिझेल इंजिनांनी जनरेटर फिरवले आणि पंखे विजेच्या मोटरवर चालवले. म्हणजे डिझेल-इलेक्ट्रिक! पुढे उलटी फिरणारी इंजिनंही आली. कोपनहेगनच्या बुर्मायस्टर अँड वाइन कंपनीने १९१२ मध्ये सेलांडिया हे मालवाहू जहाज बांधलं. १,२५० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं होती आणि धुराडं नव्हतंच. ते बँकॉकपर्यंत जाऊन परत आलं. समुद्रावर डिझेल चालतं हे जगाला पटलं.

इतकं झाल्यावर डिझेलने आरामात राहायला हवं होतं, नाही का? पण जमिनीच्या आणि तेलाच्या व्यवहारांत त्याचा पैसा बुडाला होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन बोटीवर चढला. ही बोट वाफेवर चालणारी होती. रात्री जेवण करून तो केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी होती. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. तो पंचावन्न वर्षांचा होता.

हा अपघात होता, आत्महत्या होती की आणखी काही, हे कधीच नक्की ठरलं नाही. पण कर्ज किती झालंय हे घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं, ते नंतर बाहेर आलं. आज जगातली बहुतेक मोठी मालवाहू जहाजं त्याच्याच तत्त्वावर चालतात. एवढं डोकं असलेल्या माणसाला, मी अडचणीत आहे, हे एक वाक्य घरी बोलता आलं नसेल का?

हे वाचल्यावर मला माझाच रविवारचा फोन आठवला. अभ्यास कसा चाललाय, तर मस्त. दोन केटी लागल्यात हे सहा महिने घरी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं. बाबा चिडले. आईने जेवलास का ते विचारलं. मेस बंद झाली होती, तेही खरं सांगितलं. तुमच्यापैकी कोणाचं असं काही सांगायचं राहिलं असेल, तर आजच फोन करा.

आणि हो, ओरलला विचारलं तर लक्षात ठेवा, डिझेल हे माणसाचं नाव आहे!