गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर आणि मिरज नगरी

काही नगरांचे नाव उच्चारताच एखादी विद्या वा वस्तू डोळ्यांपुढे उभी राहते. पैठण म्हटले की पैठणी. आमचे जालना म्हटले की बियाण्यांचा व पोलादाचा व्यापार. दूर अमेरिकेत नॅशव्हिल हे नगर तेथील ग्रामीण गीतसंगीतामुळे प्रसिद्धीस आले आहे. महाराष्ट्रात असा संगीतनगरीचा मान मिरजेकडे जातो. तेथील मिशन इस्पितळामुळे मिरजेचे नाव ख्रिस्ती कुटुंबांच्या परिचयाचे आहेच. परंतु आज आम्ही विद्यार्थ्यांस त्या नगरीची दुसरी ओळख करून देणार आहोत, आणि तीही एका थोर पुरुषाच्या चरित्रातून.

प्रथम नगरीविषयी दोन शब्द. एकोणिसाव्या शतकात तलवारींचा काळ मावळला, तेव्हा मिरजेच्या शिकलगार कुटुंबांतील काही कारागीर वाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सितारमेकर हे त्यांतील अग्रणी होत. पंढरपूर-मंगळवेढे भागात पिकणारे मोठे भोपळे वाळवून व आतून पोखरून त्यांवर लाकडी दांडी बसवावयाची, तारा चढवावयाच्या आणि त्या सुरात आणावयाच्या, अशी ही कला. शस्त्रे घडविणाऱ्या हातांनी तंबोरे घडवावेत, हे परिवर्तन आम्हांस मोठे बोधप्रद वाटते. येथील सतार व तंबोरा यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. याच नगरीत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ गायनसेवा करीत. १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर तेथेच त्यांस चिरविश्रांती लाभली.

आता मूळ विषयाकडे वळू. विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी मिरजेजवळील कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे सूर व ताल यांचा संस्कार बाळपणीच झाला. परंतु लहान वयातच दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा स्फोट तोंडाजवळ होऊन या मुलाच्या डोळ्यांस जबर इजा पोहोचली. उपचारार्थ त्यास मिरजेस आणण्यात आले. दृष्टी पूर्ववत होईना. शालेय विद्येची वाट खुंटली. अशा वेळी त्याच्या गळ्यातील गोडवा जाणून त्यास गायन शिकविण्याचा विचार पुढे आला आणि मिरज दरबारच्या आश्रयास असलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती त्यास सोपविण्यात आले. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे ते हेच बुवा. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबरांनी अनेक वर्षे खडतर साधना केली.

या काळातील एक प्रसंग त्यांच्या चरित्रकथेत नेहमी सांगितला जातो. मिरजेतील एका समारंभास नगरातील सर्व प्रतिष्ठितांस निमंत्रणे गेली. विष्णु दिगंबरांसही गेले. परंतु प्रत्यक्ष त्यांच्या गुरूंस मात्र बोलावणे नव्हते. कारण विचारता उत्तर मिळाले की, ते केवळ गवई आहेत. हे शल्य त्या तरुणाच्या मनात खोल रुतले. ज्या समाजास गाणे हवे, पण गाणारा पंक्तीस नको, त्या समाजाची दृष्टी बदलावयाची, असा निश्चय करून १८९६ साली त्यांनी मिरज सोडली.

बडोदे, काठेवाड, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात पोहोचले. वाटेत त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन करण्याचा उपक्रम केला. राजाच्या दरबारात बसून एकाची मर्जी राखण्यापेक्षा सामान्य जनांपुढे गावे आणि त्यांच्याच पैशावर विद्या चालवावी, ही त्यामागील भावना होती. पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेही संस्थानिकाच्या खजिन्यावर विसंबून नव्हे, तर लोकांच्या साहाय्याने. १९०८ साली मुंबईस विद्यालय सुरू झाले.

त्यांच्या शिक्षणपद्धतीचा विचार आम्हां शिक्षकांस विशेष महत्त्वाचा वाटतो. पूर्वी गुरू लहरीप्रमाणे विद्या देई वा झाकून ठेवी. विष्णु दिगंबरांनी गायनास वर्ग, पाठ, परीक्षा व पाठ्यपुस्तके दिली. स्वर व ताल कागदावर उतरविण्याची लेखनपद्धती तयार केली. हलक्या शृंगाराच्या पदांऐवजी त्यांनी भक्तिपर पदे योजिली, म्हणजे घरातील मुलामुलींनी ती निःसंकोच गावीत. निवडक शिष्यांस ते आपल्यापाशी ठेवून उपदेशक म्हणून तयार करीत आणि गावोगाव धाडीत. त्याच सुमारास रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीस भजन-कीर्तनाची गोडी लावीत होते, हे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. ईश्वरस्तुतीस स्वतःच्या भूमीचा सूर लाभावा, ही तळमळ दोघांचीही होती.

त्यांस यशच यश मिळाले असे मात्र कोणी समजू नये. मुंबईस त्यांनी विद्यालयासाठी मोठी इमारत उभारिली. परंतु कर्ज डोईजड होऊन ती लिलावात गेली. आयुष्यभराचे श्रम डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या हाती जावेत, याहून कठीण परीक्षा ती कोणती? पुढे नाशिक येथे रामनामाच्या आश्रयाने त्यांनी काळ घालविला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथेच त्यांची प्राणज्योत मालवली. ज्या नगरीत मंद दृष्टीचा एक मुलगा म्हणून ते आले होते, तिनेच त्यांस अखेरचा निरोप दिला.

इमारत गेली, पण कार्य गेले नाही. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. आजही गावोगावचे विद्यार्थी त्याच्या परीक्षांस बसतात. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य त्यांनी मागे ठेविले. दगडविटांवर सावकाराचा हक्क चालला. शिष्यांच्या कंठातील विद्येवर तो चालला नाही.

पालकांस एक विनंती करून हा लेख संपवितो. गायनाचा तास म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणारे सज्जन आम्हांस अद्याप भेटतात. त्यांनी मिरजेच्या त्या निमंत्रणाचे स्मरण करावे. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणाची एखादी वाट आजारामुळे वा दारिद्र्यामुळे बंद झाली असेल, तर धीर सोडू नका. देवाने दुसरे कोणते दान तुमच्या ठायी ठेविले आहे, ते शोधा, त्यावर मन लावून कष्ट करा आणि मिळालेली विद्या इतरांस मोकळ्या हाताने द्या.