एका शब्दाच्या अर्थापायी सहा वर्षं

लोकमान्य टिळक म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शेंगांची टरफलं, गणेशोत्सव आणि शाळेत १ ऑगस्टला पाठ करून म्हटलेलं भाषण. त्या भाषणात राजद्रोहाच्या खटल्याचं एक वाक्य असायचंच. पण नेमकं काय लिहिल्याबद्दल खटला झाला, कोणत्या कलमाखाली झाला आणि कोर्टात भांडण कशावरून झालं, हे आपण कधी विचारलं नाही. आज विचारूया. देशाची सुरक्षा आणि बोलण्याचं स्वातंत्र्य यांवर सध्या जो वाद चालतो, त्यातले बरेच प्रश्न या एका माणसाच्या आयुष्यात येऊन गेलेत.

जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए., गणितात हुशार. पुढे १८७९ मध्ये एलएल.बी. वकिली मात्र केली नाही. मित्रांबरोबर आधी शाळा काढली, मग १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन पत्रं. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर दोघांनाही तुरुंगवास झाला. टिळक तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. म्हणजे तुमच्यातल्या एखाद्या पीएच.डी. करणाऱ्या सीनियरएवढे.

आता कलमाकडे येऊ. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचं कलम नव्हतं. ते १८७० मध्ये घातलं गेलं, १२४-अ. सरकारबद्दल 'डिसअफेक्शन' पसरवणं हा गुन्हा, असं त्यात म्हटलं होतं. मराठीत या शब्दाला 'अप्रीती' म्हणतात. पण अप्रीती म्हणजे काय? सरकारवर टीका करणं? सरकार न आवडणं? की लोकांना बंडाला उठवणं? सगळा खेळ या एका शब्दावर होता.

१८९७ साल. पुण्यात प्लेगची साथ होती. रँडसाहेबाच्या देखरेखीखाली गोरे शिपाई घराघरांत शिरून झडती घेत होते आणि लोक संतापले होते. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत छापून आला. त्यात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. बरोबर एका आठवड्यानं, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सोबतचा आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी.

इथे जरा थांबा आणि सरकारच्या बाजूनंही बघा. दोन अधिकारी मारले गेले होते, भीती खोटी नव्हती. पण टिळकांचा खुनाशी संबंध असल्याचा पुरावा मिळाला नाही. मग त्यांना पकडलं ते लिखाणासाठी. जामीन आधी नाकारला गेला, नंतर मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. टिळकांच्या बाजूनं जामिनासाठी उभे होते दिनशा दावर. हे नाव लक्षात ठेवा.

खटला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. त्यांनी ज्यूरीला सांगितलेला अर्थ असा होता, की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. लिखाणामुळे प्रत्यक्षात दंगा झाला की नाही, हे बघायची गरजच नाही. विचार करा, या व्याख्येत कोण सुटेल? ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. प्रिव्ही कौन्सिलनं अपिलाची परवानगी दिली नाही. उलट १८९८ मध्ये कलम आणखी रुंद करून त्यात द्वेष आणि तुच्छता हे शब्दही घालण्यात आले.

दुसरा खटला १९०८ चा. ३० एप्रिलला बिहारमधल्या मुजफ्फरपूरला बॉम्ब पडला. लक्ष्य होते किंग्जफोर्ड नावाचे न्यायाधीश, मेल्या दोन निरपराध गोऱ्या स्त्रिया. सरकारनं झटपट पावलं उचलली. ८ जूनला एकाच दिवशी दोन कायदे झाले, एक स्फोटक पदार्थांचा आणि दुसरा वृत्तपत्रांना वेसण घालणारा. स्फोटक पदार्थांचा तो कायदा आपल्याकडे अजूनही लागू आहे बरं का. कायदे झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी 'केसरी'चा अग्रलेख आला, हे उपाय टिकाऊ नाहीत असं सांगणारा. टिळकांचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की बॉम्ब वाईटच, पण तो कशामुळे आला ते न बघता नुसते कायदे कडक केलेत, तर दुखणं बरं होणार नाही. दहशतवादाची कारणं शोधणं म्हणजे त्याचं समर्थन करणं का, हा वाद तुम्ही आजही टीव्हीवर ऐकता. तो तेव्हाही हाच होता.

२४ जूनला अटक झाली. जामिनासाठी उभे राहिले बॅरिस्टर मोहम्मद अली जिना. समोर न्यायाधीशाच्या खुर्चीत कोण? तेच दिनशा दावर! अकरा वर्षांपूर्वी ज्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला, त्यांनीच आता तो नाकारला.

खटल्यात टिळकांनी स्वतःच स्वतःची बाजू मांडली. किती वेळ? सहा दिवसांत मिळून एकवीस तासांहून जास्त. एलएल.बी.ची पदवी तिथे कामी आली. त्यांचा एक मोठा मुद्दा भाषांतराचा होता. लेख मराठीत, पण खटला चालतोय इंग्रजी तर्जुम्यावर. मराठी शब्दाची छटा इंग्रजीत जहाल होते आणि ज्यूरीतल्या बहुतेकांना मराठी येत नाही. मग ते नेमकं कशावर निर्णय देणार? कुणाच्या मीमचा किंवा भाषणाच्या क्लिपचा अर्थ संदर्भ सोडून काढला जातो, तेव्हा तुम्हीही हेच विचारता ना?

ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल आला. सहा वर्षं हद्दपारी आणि हजार रुपये दंड. दुसऱ्या दिवशी टिळकांना बावन्न वर्षं पूर्ण होणार होती. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस.

पुढे साध्या कैदेत बदललेली ती शिक्षा त्यांनी ब्रह्मदेशात, मंडालेच्या तुरुंगात काढली. साथीला मधुमेह. तिथेच त्यांनी 'गीतारहस्य' लिहून काढलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण १९१२ च्या जूनमध्ये इकडे पुण्यात पत्नी सत्यभामाबाई गेल्या आणि ती बातमी त्यांना तुरुंगात तारेनं कळली, हे आपण विसरतो. एका शब्दाच्या अर्थाची ही किंमत.

१९१४ मध्ये सुटले, आणि दोनच वर्षांत पुन्हा कोर्ट. होमरूलसाठी बेळगाव आणि नगरला केलेल्या भाषणांवरून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागणारी नोटीस आली, तीसुद्धा साठीच्या वाढदिवशी. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार द्या, असा मॅजिस्ट्रेटचा हुकूम झाला. पुन्हा जिना वकील. या वेळी मात्र हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी हुकूम रद्द केला. सुटे शब्द उचलू नका, भाषण सगळं मिळून वाचा, आणि राज्यकारभाराची पद्धत बदला असं म्हणणं म्हणजे सरकारचा द्वेष नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. माणूस तोच, कलमातला तो शब्दही तोच. न्यायाधीशांनी अर्थ वेगळा लावला आणि टिळक सुटले.

शेवटच्या वर्षांत टिळकांनी देशाबाहेरही नजर टाकली. पहिलं महायुद्ध संपल्यावर पॅरिसला शांतता परिषद भरली. काँग्रेसनं टिळकांना प्रतिनिधी निवडलं, पण सरकारनं जाऊ दिलं नाही. मग लंडनहून त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र धाडलं. भारताला स्वयंनिर्णयाचा हक्क द्या, आशियात शांतता टिकवायला स्वतंत्र भारत उपयोगी पडेल, असा त्याचा सूर होता. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात ते गेले.

कलम मात्र राहिलं. स्वातंत्र्यानंतरही. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टानं कलम वैध ठरवलं, पण हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा, अशी चौकट घातली. म्हणजे स्ट्रॅचींचा अर्थ बाद झाला. मे २०२२ मध्ये कोर्टानं या कलमाचा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिताच बदलली. आता भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आहे. त्यात अप्रीती हा शब्द नाही, सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं आहेत. शिक्षा सात वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप. काही जण म्हणतात, फुटीरतेच्या धोक्यासाठी असं कलम हवंच. काही म्हणतात, 'विध्वंसक कारवाया' यासारखे शब्द पुन्हा तितकेच सैल आहेत.

तुमचं मत काहीही असो, एक करा. ते कलम मोबाइलवर उघडा आणि एकदा मन लावून वाचा. दोन मिनिटं लागतील. मग टिळकांच्या खटल्यातले तीन प्रश्न त्याला विचारा. या शब्दाचा अर्थ कोण लावणार? मूळ भाषेत आणि पूर्ण संदर्भासह वाचणार का? आणि निकाल लागेपर्यंत माणूस कुठे असणार, घरी की तुरुंगात? पुढच्या १ ऑगस्टला एखादी शाळकरी बहीण-भाऊ भाषण लिहून मागेल, तेव्हा टरफलांच्या गोष्टीबरोबर हेही सांगा.