फ्रान्सिस पेटिट स्मिथ

इंग्लंडच्या सागरतीरावरील हाइद गावी १८०८ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथचा जन्म झाला. बालपणापासून त्याला लहान लहान नौका बनविण्याचा छंद होता. पुढे तो शेती करू लागला. तरी छंद सुटला नाही.

त्या काळी आगबोटींना दोन्ही बाजूंस मोठी चाके असत. वादळात बोट कलली, की एक चाक पाण्याबाहेर येऊन व्यर्थ फिरे. त्याऐवजी बोटीच्या मागे, पाण्याखाली मळसूत्री पंखा बसवावा, असे स्मिथच्या मनाने घेतले. १८३५ साली त्याने स्प्रिंगवर चालणारी छोटी नौका करून तळ्यात सोडली. ती छान चालली!

परंतु मोठ्या बोटीत एक धोका होता. पंख्याचा दांडा बाहेर नेण्यासाठी पाण्याखाली छिद्र पाडावे लागे. तेथून पाणी शिरले, तर बोट बुडणार! म्हणून अशा बोटींत दांड्याभोवती चरबी लावलेला वाख घट्ट ठासून बसवीत. दांडा फिरे, पाणी मात्र बाहेरच राही.

१८३७ साली कालव्यात चाचणी चालू असता लाकडी पंख्याचा अर्धा भाग मोडून पडला. आणि काय आश्चर्य! नौका अधिकच वेगाने धावू लागली. त्या अपघातापासून धडा घेऊन स्मिथने पंखा आखूड केला. पुढे त्याच्या 'आर्किमिडीज' जहाजाची कामगिरी पाहून ब्रुनेल या थोर अभियंत्याने आपल्या 'ग्रेट ब्रिटन' जहाजास पंखाच बसविला.

या कार्यातून स्मिथला फारसे धन लाभले नाही. १८७१ साली त्याला 'सर' ही पदवी मिळाली व १८७४ साली तो निवर्तला. बालपणीचा खेळ त्याने चिकाटीने जगाच्या उपयोगी आणला.