जयपालसिंह मुंडा : ऑलिम्पिकचा कॅप्टन ते झारखंडचे ‘मरांग गोमके’

रांचीजवळच्या खुंटी भागात टकरा नावाचं छोटं गाव आहे. या गावात ३ जानेवारी १९०३ रोजी एका मुंडा आदिवासी कुटुंबात मुलगा जन्मला. घरचं नाव प्रमोद पाहन. लहानपणी गुरं राखणारा हा पोरगा पुढे ऑक्सफर्डला शिकला, ऑलिम्पिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचा कॅप्टन झाला आणि देशाची घटना लिहिणाऱ्या सभेत आदिवासींच्या बाजूने उभा राहिला. तेच जयपालसिंह मुंडा. मुंडारी भाषेत लोक त्यांना ‘मरांग गोमके’, म्हणजे मोठे नेते म्हणत. पण याच नेत्याच्या एका निर्णयाने त्यांची माणसं पुढे दुखावलीही गेली.

नोकरी सोडली, हॉकी निवडली

शाळा रांचीच्या सेंट पॉल्समध्ये झाली. मुलगा हुशार होता. शाळेचे इंग्रज मिशनरी मुख्याध्यापक त्याला इंग्लंडला घेऊन गेले. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात जयपालसिंह अर्थशास्त्र शिकले आणि विद्यापीठाच्या हॉकी संघात चमकले. पुढे आयसीएससाठी निवड झाली. त्या काळी आयसीएस म्हणजे कलेक्टरकीचा रस्ता. सात पिढ्यांचं कल्याण!

तेवढ्यात १९२८चं ॲमस्टरडॅम ऑलिम्पिक आलं. भारताच्या हॉकी संघाचं कॅप्टनपद चालून आलं, पण प्रशिक्षणातून सुट्टी मिळेना. जयपालसिंह सुट्टीविना गेले. त्या संघात ध्यानचंदही होते. भारताने स्पर्धेत २९ गोल केले, अंगावर एकही घेतला नाही आणि देशाला हॉकीचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. संघ व्यवस्थापनाशी मतभेद झाल्याने जयपालसिंह मात्र अंतिम सामना खेळले नाहीत.

परत गेल्यावर प्रशिक्षणाचं वर्ष पुन्हा करा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मान्य केलं नाही आणि आयसीएस सोडली. मग तेल कंपनीत नोकरी केली, आफ्रिकेत गोल्ड कोस्टला म्हणजे आजच्या घानात शिकवलं, रायपूरच्या राजकुमार कॉलेजात काम केलं, बिकानेर संस्थानातही अधिकारपद सांभाळलं. पैसा होता, मान होता. पण गाव लांब राहिलं होतं.

रांचीची सभा

छोटा नागपूरमध्ये तेव्हा आदिवासींच्या जमिनी सावकार आणि जमीनदारांच्या हातात चालल्या होत्या. कचेरीत, कोर्टात बाहेरच्यांचाच वरचष्मा होता. शिकलेल्या आदिवासी तरुणांनी १९३८ मध्ये आदिवासी महासभा उभी केली होती. त्यांना सगळ्या जमातींना एकत्र आणणारा माणूस हवा होता. जानेवारी १९३९ मध्ये रांचीच्या अधिवेशनात जयपालसिंह अध्यक्ष झाले. गावोगावहून माणसं पायी चालत सभेला आली होती. छोटा नागपूर आणि संथाल परगण्याचं बिहारपासून वेगळं राज्य व्हावं, ही मागणी तिथून जोरात पुढे आली.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांच्या सैन्यभरतीला साथ दिली. त्यावरून काँग्रेसवाल्यांची टीकाही त्यांना सोसावी लागली.

घटना समितीत आदिवासींचा आवाज

१९४६ मध्ये ते घटना समितीवर निवडून गेले. तिथे आदिवासी सदस्य बोटांवर मोजण्याइतके होते. आदिवासींना लोकशाही कुणी शिकवायला नको, गावाचा कारभार सगळ्यांनी बसून ठरवायची रीत त्यांच्याकडे पूर्वापार आहे, हे त्यांनी तिथे ठासून मांडलं. सल्लागार समितीत एकही आदिवासी बाई का नाही, असंही विचारलं.

दारूबंदीची चर्चा निघाली तेव्हा बरेच जण बंदीच्या बाजूने होते. जयपालसिंहांनी दुसरी बाजू मांडली. भातापासून घरी केलेलं पेय देवाच्या पूजेला लागतं, चिखलात दिवसभर लावणी करणाऱ्या माणसांना ते आधार देतं, हे त्यांनी समजावलं.

घटनेत ‘आदिवासी’ हाच शब्द यावा, असा त्यांचा आग्रह होता. तो मान्य झाला नाही. म्हणून आजही आपल्याकडच्या जातीच्या दाखल्यावर ‘अनुसूचित जमाती’ असं लिहिलेलं असतं आणि बोलताना मात्र सगळे आदिवासीच म्हणतात. आदिवासी भागांचा कारभार कसा असावा हे ठरवणाऱ्या उपसमितीतही ते होते. नंदुरबार, पालघर, गडचिरोलीतली अनेक गावं आज ज्या पाचव्या अनुसूचीत येतात, ती घटनेत आली ती या चर्चांतून.

खरसावांचा बाजार

१ जानेवारी १९४८, गुरुवार, खरसावांच्या आठवडी बाजाराचा दिवस. सराइकेला आणि खरसावां ही संस्थानं ओडिशात घालायला आदिवासींचा विरोध होता. जयपालसिंह भाषणाला येणार म्हणून हजारो लोक जमले होते. ते पोहोचले नाहीत. गर्दीवर ओडिशाच्या पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा ३५ मृतांचा. लोक मात्र त्याहून कितीतरी जास्त गेल्याचं सांगतात. त्याच वर्षी ही दोन्ही संस्थानं बिहारला जोडली गेली. खरसावांत आजही १ जानेवारीला नव्या वर्षाचा सण नसतो, शहिदांचं स्मरण असतं.

कोंबडा जिंकला, पण राज्य मिळालं नाही

महासभेतून झारखंड पार्टी उभी राहिली. पक्षाचं चिन्ह होतं कोंबडा, गावातल्या प्रत्येक अंगणात दिसणारा. १९५२च्या निवडणुकीत पक्षाने बिहार विधानसभेत ३२ जागा जिंकल्या आणि तो मुख्य विरोधी पक्ष झाला. जयपालसिंह खासदार झाले.

पण १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या झारखंडची मागणी फेटाळली. या भागात आदिवासी बहुसंख्य नाहीत, एक समान भाषा नाही आणि खाणी-कारखान्यांचा हा पट्टा गेला तर बिहारची घडी विस्कटेल, असं त्यामागचं म्हणणं होतं. १९६२ मध्ये पक्षाच्या जागा २० वर आल्या. पैशाची चणचण होती, माणसं फुटत होती. सत्तेत शिरल्याशिवाय काही हाती लागणार नाही असं वाटून १९६३ मध्ये जयपालसिंहांनी पक्ष काँग्रेसमध्ये विलीन केला. बिहारात मंत्रिपद मिळालं, पण ते फार दिवस टिकलं नाही. वेगळं राज्य तर नाहीच.

कार्यकर्त्यांच्या हे जिव्हारी लागलं. ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याच दारात नेऊन बसवलं, ही सल राहिली. पक्षाचे तुकडे झाले. विलीनीकरण ही चूक होती, असं त्यांनी शेवटच्या दिवसांत कबूल केल्याचं सांगितलं जातं. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं. तेव्हाही ते खासदार होते.

मागणी मात्र मेली नाही

पक्ष गेला, तरी त्यांनी गावागावांत पेरलेली मागणी टिकली. पुढच्या पिढ्यांनी ती उचलली. १५ नोव्हेंबर २००० रोजी, बिरसा मुंडांच्या जयंतीदिनी, झारखंड राज्य झालं. जयपालसिंहांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

रांचीत आज त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे. झारखंड सरकार त्यांच्या नावाने परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती देतं. टकऱ्याचा मुलगा ज्या इंग्लंडला गेला, तिथे आता आदिवासी गावांतली मुलं-मुली त्या शिष्यवृत्तीवर शिकायला जातात.