शांताबाई दाणी आणि विधान परिषदेचे दार

कळंबच्या आसपासच्या वस्त्यांत महिलांच्या बैठका घेताना मी एक प्रश्न हमखास विचारते. आंबेडकरी पक्षातून आमदार झालेल्या एका बाईचे नाव सांगा. बहुतेक वेळा सगळ्या गप्प बसतात. मग मी शांताबाई दाणींबद्दल सांगते.

त्यांचा जन्म १९१९ साली नाशिकच्या खडकाळी भागात, गरीब महार कुटुंबात झाला. लेकीने शिकावे हा आईचा ध्यास. दादासाहेब गायकवाडांमुळे शांताबाई बाबासाहेबांच्या चळवळीत आल्या, त्या कायमच्याच. लग्न केले नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनसाठी गावोगाव सभा घेतल्या, १९४६ च्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हाही त्या दादासाहेबांच्या बरोबरीने उभ्या होत्या. त्या लढ्यात किती मायमाऊल्या लेकरे कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या! त्यांची नावे आज कुणाला ठाऊक नाहीत.

पण तुरुंगात जाण्यासाठी पक्षाला बाई चालते, उमेदवारीच्या यादीत मात्र अडचण होते. १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि लवकरच फुटला. गायकवाड गट, कांबळे गट, पुढे खोब्रागडे गट, गवई गट. सगळे गट पुरुषांच्या नावाचे. जागावाटपाची बोलणी अशा गटांमध्येच होतात. जिच्या नावाचा गटच नाही, तिच्यासाठी भांडायचे कुणी? माझ्या मते खरी अडचण इथे आहे. बायकांना राजकारण कळत नाही, हे नुसते निमित्त.

शांताबाई १९६८ ते १९७४ विधान परिषदेच्या सदस्य होत्या. तिथे पोहोचल्या तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या आणि मागे वीस वर्षांहून अधिक काळाचे काम होते. तेही सभागृह वरिष्ठ, विधानसभेचे नव्हे.

पुढे त्यांनी नाशिकमध्ये शाळा आणि मुलींचे वसतिगृह यांच्या कामाला वाहून घेतले. ‘रात्रंदिन आम्हां’ हे त्यांचे आत्मचरित्र भावना भार्गवे यांनी शब्दांकित केले. २००१ साली त्या गेल्या.

आता स्थानिक संस्थांत निम्म्या जागा आपल्या बायकांसाठी राखीव आहेत. विधानसभेत तसे नाही. २०२४ साली २८८ पैकी २१ महिला निवडून आल्या. परवाच्या बैठकीत हे ऐकून एका ताईंनी मला उलट विचारले, शांताबाईंनंतर आपल्या पक्षांतून कोण? या वेळी गप्प बसायची पाळी माझी होती.